हे कुणाच्या ओट्यावर बसून लिहिलं?

वर्तमानपत्राच्या ऑफिसात बातम्या साठत नाहीत. आज छापलेली बातमी उद्या रद्दीत जाते आणि परवा तिच्यात कुणीतरी भेळ खातं. साठतात ते किस्से! ते छापता येत नाहीत आणि रद्दीतही घालवत नाहीत. चहाला चार जण जमले की एक निघतो, त्याचं बोट धरून दुसरा निघतो, आणि ज्याचं पान लावायचं राहिलंय तो घड्याळाकडे बघत बघत तिसरा सांगतो.

माझ्याकडे साठलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त किस्से सोनटक्के मॅडमचे आहेत. मॅडम आमच्या शहर डेस्कच्या प्रमुख. डेस्क म्हणजे बातमीदारांनी आणलेल्या बातम्या तपासून, नीट करून, मथळे देऊन पानावर लावणारी आम्ही मंडळी. पुण्यातल्या एका मराठी दैनिकात मी हे काम करते. दैनिकाचं नाव सांगत नाही, कारण लगेच परचुरे काकांचा फोन येईल. काका कोण, ते पुढे येईलच.

मॅडम मूळच्या वर्ध्याच्या. त्या इथे आल्या तेव्हा आपण त्यांना शुद्ध मराठी शिकवावं असं ऑफिसातल्या बऱ्याच जणांच्या मनात होतं. झालं उलटंच. त्यांनीच आमची शिकवणी घेतली, आणि त्या शिकवणीचे माझ्यावर इतके उपकार आहेत की ते मोजायला बसले तर आजचं पान लागायचं नाही.

० ० ०

मॅडमचा पहिलाच दिवस. आमचे शिर्के, म्हणजे एरवी पोलिसांकडच्या बातम्या आणणारे बातमीदार, त्यांनी त्या दिवशी एक कौतुकाची बातमी आणली होती. सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारी एक मुलगी स्पर्धा परीक्षेत पास झाली होती. शिर्क्यांनी लिहिलं होतं, "यवतमाळ जिल्ह्यातील एका दुर्गम गावातून आलेल्या या तरुणीने..."

मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "दुर्गम म्हणजे?"

"म्हणजे लांब. जायला अवघड," शिर्के म्हणाले.

"कुठून लांब?"

"इथून. पुण्यातून."

"तिच्या आईला पुणे दुर्गम आहे. मग 'दुर्गम पुण्यात राहून तिने अभ्यास केला' असं लिहा ना!"

शिर्के हसले, पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे वाक्य कुणाच्या ओट्यावर बसून लिहिलं?"

"ओट्यावर?" शिर्के चक्रावले. "मॅडम, आमच्या ओट्यावर गॅसची शेगडी असते!"

आम्हा पुण्याच्या फ्लॅटवाल्यांना ओटा म्हणजे स्वयंपाकघरातलाच माहीत. मॅडमच्या वर्ध्यात ओटा घरापुढे असतो. संध्याकाळी माणसं त्यावर बसतात आणि तिथून गल्लीचा जेवढा भाग दिसतो तेवढ्यावर अख्ख्या गावाविषयी मत देतात. बातमी लिहिणारा आणि इतिहास लिहिणाराही कुठल्यातरी ओट्यावर बसलेला असतोच, असं मॅडमचं म्हणणं. बसायला हरकत नाही, पण कुठल्या ओट्यावर बसलोय ते त्याला माहीत पाहिजे.

त्या दिवसापासून तो आमच्या डेस्कचा शब्द झाला. कुठलीही बातमी आली की कुणीतरी विचारायचं, "ओटा सापडला का?" नवीन माणसाला वाटायचं, ऑफिसात स्वयंपाकघर बांधायचं चाललंय.

० ० ०

मॅडमना क्रियापदांचं एक वेगळंच वेड. एका सोसायटीत पाणी येत नव्हतं, त्याची बातमी होती. मजकूर असा: "पाणीपुरवठा सुरळीत असल्याचे अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले, तर नळाला पाणी नसल्याचा दावा रहिवाशांनी केला."

"अधिकारी स्पष्ट करतात आणि रहिवासी दावा करतात. काहून बाप्पा?" मॅडम चिडल्या की वर्धा वर यायचं. "नळ कुणाच्या घरी आहे?"

"मॅडम, अधिकारी म्हणजे अधिकृत सूत्र असतं," शिर्के म्हणाले.

"आणि कोरडी बादली अनधिकृत असते?"

मॅडमनी दोन्हीकडे 'सांगितले' केलं. आमचा केतन वेबसाइट आणि फोटो बघतो, वयाने सगळ्यात लहान, बातमीच्या मजकुराला कॉपी म्हणणारा. तो कुरकुरला, "मॅम, सगळेच 'सांगितले' केलं तर कॉपी एकदम फ्लॅट होते ना!"

"नळ कोरडा आहे रे. कॉपी थोडी सपाट झाली तर चालेल."

हे वेड आम्हाला सगळ्यांना लागलं. दुपारी डबे उघडले की केतन ओरडायचा, "साबुदाणा वडा गायब! शिर्के यांनी आरोप फेटाळला!"

"अरे, 'फेटाळला' म्हणू नकोस. त्यावरून मी खाल्लाय असं वाटतं!" शिर्के म्हणायचे.

"मग काय म्हणू?"

"'शिर्के यांनी सांगितले' म्हण."

"काय सांगितले?"

"की खाल्ला!"

माझ्या घरीही तीच गत. नवऱ्याने भाजी आणल्याचं सांगितलं की मी म्हणते, "दावा केलास." तो बिचारा पिशवी उघडून दाखवतो. पूर्वी मी बातमी वाचायचे आणि माझं मत तयार व्हायचं. ते मत बातमीतल्या एका क्रियापदाने परस्पर तयार केलेलं असतं, हे मॅडम भेटल्या नसत्या तर मला जन्मात कळलं नसतं.

० ० ०

आता परचुरे काका. सदाशिव पेठेत राहतात, निवृत्त आहेत, आणि आमचा पेपर चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मग फोन करतात.

एकदा आम्ही मथळा दिला, "रस्तेखोदाईमुळे पुणेकर संतप्त". फोन मी घेतला.

"आपण लिहिलंय, पुणेकर संतप्त."

"हो काका."

"मी पुणेकर आहे."

"हो."

"मी संतप्त नव्हतो. मला न विचारता आपण मला संतप्त केलंत. त्यामुळे आता मात्र मी आहे."

मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्याच विषयाची पुढची बातमी होती. मी शहाणपणा करून मथळा दिला, "काही पुणेकर संतप्त". पुन्हा फोन!

"हे 'काही' कोण? आणि उरलेल्यांना खोदलेले रस्ते आवडतात, असं आपलं म्हणणं आहे का?"

मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला. काकांचं सगळं ऐकून घेतलं, "बरोबर आहे तुमचं" म्हणाल्या आणि बातमीदाराला पुन्हा पाठवलं. तिसऱ्या दिवशी बातमीत कोणत्या रस्त्यावरचे कोणते दुकानदार काय म्हणाले, ते नावानिशी आलं. संतप्त वगैरे कुणी नव्हतंच. बहुतेक जण कंटाळले होते.

सकाळी फोन वाजला. मी बिचकतच उचलला.

"परचुरे बोलतोय. आज काही म्हणायचं नाही."

"मग फोन केलात तो?"

"तेच सांगायला."

पुण्यात यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही. त्या दिवशी मॅडमनी सगळ्या डेस्कला चहा पाजला.

० ० ०

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी पानं तपासायला भिंतीवर लावली होती. पहिल्या पानावर बुधवार पेठेतल्या गर्दीचा फोटो होता आणि खाली ओळ, "दिवाळीच्या खरेदीसाठी बाजारपेठ गर्दीने फुलली". वर दिव्यांच्या माळा, दुकानांच्या पाट्या, सगळं झकास.

आतल्या पानावर दुसरा फोटो होता. त्याखाली ओळ, "पथारीवाल्यांमुळे पेठेत कोंडी, नागरिक हैराण". रिक्षांची मागची बाजू, निळी ताडपत्री, धक्काबुक्की.

मॅडम एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत गेल्या, परत आल्या, परत गेल्या. मग केतनला हाक मारली.

"ही पिवळ्या ओढणीवाली बाई बघ. पहिल्या पानावर फुलली आहे."

"यस मॅम."

"आणि इथे आत हैराण झाली आहे. मधल्या पानांत तिला काय झालं?"

केतनने दोन्ही फोटो निरखून पाहिले. घाईत त्याने एकच फोटो दोनदा वापरला होता. एकदा वरून कापला होता आणि एकदा खालून.

"पण मॅम, क्रॉप डिफरंट आहे!" तो म्हणाला.

"हो ना. बाई तीच आहे."

केतन तसाच गाडी काढून बुधवारात गेला आणि नवीन फोटो घेऊन आला. येताना त्याने स्वतःसाठी एक आकाशकंदीलही आणला. वर म्हणाला, "मॅम, मी फुललो पण आणि हैराण पण झालो."

० ० ०

इतिहासाचा किस्सा आबासाहेबांचा. मावळातल्या एका जुन्या देशमुख घराण्यातले गृहस्थ, कडक इस्त्रीचा सदरा, मन मात्र मऊ. आपल्या पूर्वजांची शेजारच्या खोऱ्यातल्या देशमुखांशी झालेली लढाई त्यांनी रविवारच्या पुरवणीसाठी लिहून आणली होती.

लेख रंगतदार होता, प्रश्नच नाही. पण त्यात आबासाहेबांकडचे लोक 'धारातीर्थी पडले' होते आणि समोरचे 'मारले गेले' होते. यांनी गाव 'ताब्यात घेतलं' होतं, त्यांनी 'लुटलं' होतं. हे 'डावपेच म्हणून मागे सरले', ते 'शेपूट घालून पळाले'. यांची झाली 'मसलत', त्यांचं झालं 'कारस्थान'.

मी म्हटलं, "मॅडम, त्यांना कसं सांगायचं? वाईट वाटेल हो त्यांना."

मॅडमनी केतनला बोलावलं आणि कंप्युटरवर दोन्ही घराण्यांच्या नावांची अदलाबदल करायला लावली. बाकी एक अक्षर हलवलं नाही. मग त्याची प्रिंट काढून आबासाहेबांसमोर ठेवली. "याच लढाईवर हा एक मजकूर तयार आहे. तुम्ही जाणकार, जरा नजर टाकता का?"

आबासाहेब वाचू लागले. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिसऱ्याला त्यांनी कागद टेबलावर आपटला.

"याला इतिहास म्हणतात? ही चिखलफेक आहे! धडधडीत एकतर्फी! कोण आहे हा लेखक? समोर आणा त्याला!"

"समोरच बसलेत," मॅडम म्हणाल्या.

आबासाहेबांनी मागे वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग त्यांनी कागद पुन्हा उचलला, थोडं वाचलं, आणि इतक्या जोरात हसले की जाहिरात विभागातली माणसं उठून बघायला आली.

त्यांचा मोठेपणा असा, की लेख परत घेऊन ते शेजारच्या खोऱ्यातल्या त्या दुसऱ्या घराण्याकडे गेले. पिढ्यानपिढ्या कुणी गेलं नव्हतं. तिथे जेवले, त्यांच्याकडची जुनी कागदपत्रं बघितली, आणि तिथूनच मॅडमना फोन केला.

"अहो बाई, कमाल झाली! यांच्याकडेही हीच लढाई लिहून ठेवलीय. धारातीर्थी, डावपेच, शेपूट, सगळं तेच! एक शब्द बदललेला नाही हो!"

० ० ०

मग भिंताडे आले.

दुपारची वेळ. रिसेप्शनवरून निरोप आला की एक माणूस बातमीबद्दल भेटायला आलाय, उठायचं नाव घेत नाही. मॅडमनी त्यांना आत बोलावलं. पन्नाशीचे गृहस्थ, ड्रायव्हरचा गणवेश घातलेला, हातात मोबाइल. दत्तात्रय भिंताडे. मुळशीकडचे. हिंजवडीच्या कंपन्यांची माणसं ने-आण करणाऱ्या एका कंत्राटदाराची बस चालवायचे.

आदल्या आठवड्यात त्यांच्या बसला घासून एका इंजिनिअर मुलीची स्कूटर पडली होती. तिचा पाय मोडला. आम्ही छोटी बातमी दिली होती, शिर्क्यांचीच. शेवटची ओळ होती, "अपघातानंतर चालक पसार झाला."

भिंताड्यांनी मोबाइलवर तीच ओळ उघडून धरली. "बाई, येवढा येक शब्द काढा. मालकानं कामावरनं घरी बसवलंय. म्हनतो, पेपरात आलंय, तू पोरीला टाकून पळालास."

"तुम्ही पळाला नव्हता?" मॅडमनी विचारलं.

"पळालो की! पळालो तर खरंच हाय. पन दवाखान्याकडं पळालो. सगळा रस्ता जाम, गाडी मुंगीसारखी सुदीक सरकंना. मागल्या गल्लीत डाक्टर हाय, त्याला हाताला धरून आनला. तवर लोकांनी पोलिसांना फोन लावून सांगितलं की डायवर पळाला."

शिर्के बाजूलाच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, पोलिसांनी सांगितलं तेच लिहिलं मी. आणि खरं सांगू? 'अपघातानंतर चालक' एवढं टाइप केलं की पुढचा 'पसार' आपोआप येतो."

केतनने स्वतःच्या मोबाइलवर 'चालक' टाइप करून पाहिलं. खाली तीन शब्द सुचवले गेले. पहिला होता 'पसार'.

भिंताडे मॅडमकडे बघत होते. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही म्हणता म्हणून तो शब्द मी आत्ता काढणार नाही. कुणीतरी म्हणालं म्हणून आम्ही तो घातला, तिथेच चुकलं. आता तुम्ही म्हणता म्हणून काढला, तर तीच चूक तुमच्या ओट्यावर बसून होईल. आम्ही आधी तिथे जाऊन विचारतो. खरं निघालं तर लिहिणार, हा माझा शब्द."

"कवा?" भिंताड्यांनी विचारलं. "मालक नवा मानूस ठिवायच्या नादात हाय."

"शिर्के आत्ता निघताहेत," मॅडम म्हणाल्या. शिर्क्यांनी हेल्मेट उचललंसुद्धा होतं.

० ० ०

शिर्के तिकडे गेलेले असतानाच मॅडमची स्वतःची विकेट पडली, तोही प्रसंग सांगायलाच हवा. निधीवाटपाच्या एका बातमीला त्यांनी मथळा दिला होता, "विदर्भावर पुन्हा अन्याय". आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. काकांच्या आलं.

मॅडमनी स्वतः फोन घेतला. समोरून काका म्हणाले, "आजच्या मथळ्यातला 'पुन्हा' ही बातमी आहे, की आठवण?"

मॅडमनी मथळा पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आठवण आहे काका. माझी. आणि 'अन्याय'सुद्धा माझाच. मथळा मी माझ्या वर्ध्याच्या ओट्यावर बसूनच दिला. चूक दाखवलीत, मनापासून धन्यवाद."

"धन्यवाद कसले? पेपर घेतो मी, वाचायलाच घेतो," काका म्हणाले आणि ठेवला फोन.

खुर्चीत बसून मॅडम बराच वेळ स्वतःशीच हसत होत्या. मला वाटलं होतं त्यांना राग आला असेल. मी चहा नेऊन दिला तर म्हणाल्या, "मृणाल, आपल्याला असा माणूस फुकटात मिळालाय. जप त्याला." तेव्हापासून काकांचा फोन आला की मला भीती वाटत नाही, बरं वाटतं.

० ० ०

शिर्के संध्याकाळी परतले. डॉक्टर भेटले होते. त्यांनी सांगितलं होतं, "एक ड्रायव्हर धापा टाकत आत शिरला, पेशंट बाजूला सारून माझा हात धरला आणि ओढत नेलं. मला चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत."

ती इंजिनिअर मुलगीही भेटली. पायाला प्लास्टर, खुर्चीत बसून लॅपटॉपवर काम चालू. ती म्हणाली, "अॅक्च्युअली मला काही नीट आठवतच नाही. ते मला सोडून पळाले, हे मी तुमच्याच पेपरात वाचलं! आणि मग मी रोज त्यांना शिव्या देत होते. डॉक्टर आले तेव्हा त्यांच्यासोबत कुणीतरी होतं, माझ्या डोक्याखाली त्यांनी स्वतःची बॅग ठेवली. तेच होते का ते?" आणि ती रडायला लागली.

हे सांगून झाल्यावर शिर्क्यांनी हेल्मेट खाली ठेवलं. कुणी न सांगता ते लिहायला बसले. पोलिसांनाही फोन करून त्यांचं म्हणणं घेतलं. मॅडमनी मजकूर वाचला, एक विशेषण काढलं आणि मथळ्यापाशी थांबल्या. शिर्क्यांनी लिहिलं होतं, "चालक पसार नव्हे, डॉक्टरांना आणायला धावला". खाली "चालक दत्तात्रय भिंताडे याने" असं होतं. आमच्याकडेच काय, सगळ्याच पेपरांत अपघातातला चालक 'याने' असतो.

मॅडमनी 'याने'चं 'यांनी' केलं, 'धावला'चं 'धावले' केलं.

"'धावले'? मॅडम, चालकाला?" शिर्के म्हणाले.

"डॉक्टर आला, की आले?"

"आले."

"मग दोघं बरोबरच आले ना?"

संपादकांशी बोलून मॅडमनी बातमी त्याच पानावर, त्याच जागी घेतली. खाली आमच्या चुकीबद्दल दिलगिरीही छापली. मी पानावर ती बातमी लावत होते आणि मला या नोकरीचा इतका आनंद कधीच झाला नव्हता. चांगल्या माणसांच्या शेजारी खुर्ची मिळणं हे केवढं भाग्य असतं, ते त्या संध्याकाळी मला अगदी नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंताडे आले. आम्हाला वाटलं पेढे आणले असतील. केतन तर उठून उभाच राहिला. पण त्यांच्या हातात फक्त आमचा पेपर होता आणि चेहरा पहिल्या दिवसापेक्षाही पडलेला.

"काय झालं भाऊ? मालकांना दाखवलात ना?" मॅडमनी विचारलं.

"दावला बाई. मालकानं दोनदा वाचला. आन म्हनला, हा तू न्हाईस."

"म्हणजे?"

"म्हनला, हितं 'भिंताडे यांनी' लिवलंय. 'ते धावले' लिवलंय. डायवरला कोन 'ते' म्हनतं? हा दुसरा कुनीतरी मोठा मानूस असंल."

शिर्के खुर्चीतून उठले, केतन तोंडातल्या तोंडात इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. मॅडमनी मात्र भिंताड्यांना शेजारची खुर्ची दिली, पाणी दिलं, मालकाचा नंबर विचारला आणि फोन लावून स्पीकरवर टाकला.

"नमस्कार. मी वर्तमानपत्राच्या शहर डेस्कवरून सोनटक्के बोलतेय. दत्तात्रय भिंताडे तुमच्याकडे चालक आहेत ना?"

"कोण, भिंताडे? हां, आहे... म्हणजे, होता."

"आहेत," मॅडम म्हणाल्या.

पलीकडे कुठल्यातरी बसचा हॉर्न वाजला.

"हां मॅडम," आवाज आला. "आहेत. उद्या सकाळच्या पाळीला आहेत."